कोपराखाली चार बोटं

ता. ६, रविवार, संध्याकाळ

चि. शिडीस,
(आता 'सौ.' पण लावायला हवं, पण हाताला अजून वळण पडलेलं नाही. समजून घे.)

अनेक आशीर्वाद. इकडे मी खुशाल आहे. तुमची दोघांची खुशाली तुझ्या पत्रावरून समजली. घड्याळवाल्यांचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. त्यांनी तुझ्या शिडीसारख्या उंचीसाठी स्वयंपाकघरातला ओटा फोडून उंच करून घेतला हे वाचून तर फारच बरं वाटलं. नवरा असावा तर असा. नाहीतर लग्नाला वीस-वीस वर्षं होतात तरी बायकोची उंची विचारली तर डोकं खाजवणारे महाभाग काय कमी आहेत? सत्तेचाळीस वर्षं थांबलीस ती फुकट गेली नाहीत म्हणायची.

तू फोन करतेस ते मला आवडतं. पण "बोल ना ताई, बोल ना" असं तू म्हणालीस की माझी बोलतीच बंद होते. मागे मेहुण्यांच्या दुकानातली सगळी घड्याळं टिकटिकत असतात. मला वाटत राहतं, आपण कुणाचा तरी वेळ खातोय. म्हणून आपलं पत्रच बरं. पत्राला कुणी मध्येच "काय गं, गप्प का झालीस?" असं विचारत नाही.

मागच्या खोलीचं तू लिहिलंस ते वाचलं. रंग दिला, पडदा लावला, खिडकीतून झाड दिसतं, सगळं वाचलं. "ताई, आता एकटी राहू नकोस, कायमची आमच्याकडे ये," हेही वाचलं. त्याचं उत्तर देते. पण आधी इकडची बातमी ऐक, नाहीतर विसरून जाईन.

आमच्या कारखान्यात नवी टूम निघाली आहे. ज्यांना धड छप्पर नाही अशांसाठी घरं बांधणारी एक संस्था आहे. एकेका कारखान्याच्या लोकांनी एकेक घर अंगावर घ्यायचं, रविवारी जाऊन स्वतःच्या हातांनी बांधायचं. संस्था सामान देते आणि एक मिस्त्री देते. आणि ज्यांचं घर, त्यांनीही आपल्याबरोबर विटा वाहायच्या, असा त्यांचा नियम आहे. मला तो नियम आवडला. फुकटचं घेतलं की माणूस आपल्याच घरात मान खाली घालून वावरतो.

चष्मेवाले साहेब जेवणाच्या सुट्टीत विचारायला आले तर सगळ्यांनी डब्यात माना घातल्या. शाळेचे गणवेश शिवणारी आम्ही माणसं, आम्हाला विटांचं काय कळतंय! पण कापणी खात्यातून पहिला हात माझा वर गेला. काजेवाली आहे ना, (नवी पोरगी आली आहे, काजं करते. तोंड मशीनपेक्षा जोरात चालतं,) ती म्हणाली, "मावशी, तुम्ही विटा उचलणार?" मी म्हटलं, "तुझ्या वजनाचे तागे उचललेत मी, भवाने. चल तूही." आली बिचारी.

रविवारी घरी बसून तरी काय करायचं? अंगाला नुसता गंज चढतो. बाकी काही कारण नाही.

पहिल्याच दिवशी आम्ही आमची अक्कल दाखवली. मिस्त्रीने पाट्या कापायला सांगितल्या, ओली भिंत धरायला लागतात त्या. मोठ्या तोऱ्यात मी गळ्यातली टेप काढली, खुणा केल्या, शिवणखात्यातल्या दोघांनी करवत चालवली. लावायला गेलो तर एकही बसेना. सगळ्या बोटभर जास्त! मिस्त्री डोक्याला हात लावून बसला. "माप घेतलं कुणी?" म्हटलं, "मी. बरोबर घेतलंय." "मग हे जास्तीचं काय आहे?" मी म्हटलं, "शिवणीला सोडलंय." अगं, सवयीनं गेलं! तीस वर्षं कापडाला दोन्हीकडून शिवणीपुरतं सोडतेय, हाताला काय ठाऊक आज लाकूड आहे म्हणून? मिस्त्री म्हणाला, "बाई, लाकूड शिवत नाहीत." सगळे पोट धरून हसले. मीही हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे.

ज्यांचं घर आहे ती बाई बसगाड्या धुते, डेपोत. लहानखुरी आहे, अबोल. नवरा नाही. दोन मुली आहेत, एक सात-आठ वर्षांची, एक तिच्याहून थोडी मोठी. डेपोच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या आडोशाला राहतात. दोघी मुली एकेक वीट दोघींच्या चार हातांत धरून आणतात आणि वाटेत भांडतात. आपण नाही का पाण्याची बादली आणायचो? निम्मं पाणी भांडणात सांडायचं.

पत्र लांबलं. खोलीचं पुढच्या पत्रात नक्की. अक्षर वाकडं आलं असेल तर दोष विटांचा. मनगट जरा दुखावलंय, विशेष काही नाही.

घड्याळवाल्यांना नमस्कार.

तुझी,
ताई


ता. २७, रविवार

चि. शिडीस,

अनेक आशीर्वाद. उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र आलं, मग दुसरंही आलं. महिनाअखेरीपर्यंत काय ते कळवायचं, नाहीतर ती खोली घड्याळवाल्यांच्या भाच्याला द्यायची, तो शिकायला येतोय. कळलं. पोराला तरी किती दिवस टांगून ठेवणार? महिनाअखेर आली हेही मला दिसतंय. माझ्याकडे कॅलेंडर आहे.

इकडे घर छताला लागलं. मला आता ओळंबा धरता येतो. थापी येते. गिलावा मात्र येत नाही, मारला की निम्मा भिंतीवर आणि निम्मा काजेवालीवर. ती म्हणते, "मावशी, लग्नात हळद लावायची तेव्हा लावा, आत्ताच कशाला?" तिचं ठरतंय म्हणे कुठेतरी. मी म्हटलं, घाई करू नकोस, आमच्याकडे सत्तेचाळीसपर्यंत चालतं.

एक गंमत सांगते. मला तिथे सगळे फार मोठ्या मनाची समजतात. का, तर मी जेवायला भरपूर आणते. डबा उघडला की भात, भाजी, परत भात. सगळ्यांना वाढून उरतो. चष्मेवाले साहेब तर स्वतःचा डबा विसरल्यासारखं करून दर रविवारी माझ्याशेजारी बसतात. आता यात मोठं मन कुठून आलं? अगं, मला कमी करताच येत नाही. भांड्यात तांदूळ घेते, मूठभर काढून ठेवते, मग वाटतं पुरणार नाही, परत टाकते. जन्म मापं घेण्यात गेला, आणि एकटीच्या भाताचं माप काही जमत नाही. रोजचा उरलेला रात्री खाते, उरलेला परत सकाळी. रविवारी तेवढा संपतो.

काजेवालीने विचारलं, "मावशी, एवढं सगळं सकाळी उठून करतं कोण?" मी म्हटलं, "आम्ही दोघीच तर असतो घरात, त्यात काय." तोंडातून गेलं. दुरुस्त करणार तोवर तिची गाडी पुढे गेली होती. जाऊ दे. कुणाचं काय बिघडलं?

आज स्वयंपाकघराचा ओटा बांधायला घेतला. ती बाई आज नव्हती, डेपोत पाळी होती. मिस्त्री म्हणाला, "ओट्याची उंची किती धरू? नेहमीचीच धरतो." मी कसली ऐकते! म्हटलं, "नेहमीची म्हणजे कुणाची? ओटा बाईच्या कोपराखाली चार बोटं हवा. उंच झाला तर खांदे भरून येतात, खाली झाला तर कंबर जाते. शर्ट काय, ओटा काय, अंगावर बसला पाहिजे." तो म्हणाला, "बाई इथे नाही, मग कोपर कुठून आणू?" मी म्हटलं, "मी देते. एकदा बघितलेल्या माणसाचं माप माझ्या डोळ्यांत राहतं." आणि भिंतीजवळ उभी राहिले, क्षणभर डोळे मिटले, आणि खडूने रेघ मारली. सगळे म्हणाले, वा! चष्मेवाले साहेब म्हणाले, "उगाच नाही कापणी खातं यांच्या हातात दिलं." मी पण जरा फुगलेच.

आपला ओटा आठवतो? हे घर घेतलं तेव्हा तू असाच मापून घेतला होतास. आई गेली, तू चूल धरलीस आणि मी कात्री, तेव्हापासून स्वयंपाकघर तुझंच. मी आपली खाली बसून भाजी चिरणार, तू वर ढवळणार आणि तू काम करायचीस त्या औषधाच्या दुकानातली गिऱ्हाइकं सांगणार. कोण खोकल्याचं औषध नुसतं गोड लागतं म्हणून नेतो, कोण रोज वजन करायला येतो. आणि मग शेजारच्या दुकानातल्या घड्याळवाल्यांच्या गोष्टी सुरू झाल्या. तुझं ते घड्याळ! चांगलं चालणारं घड्याळ दर आठवड्याला दुरुस्तीला. मी काय दुधखुळी होते? मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. म्हटलं, बघू या किती दिवस बिघडतंय.

खोलीचं लिहायचं राहिलं. पान संपलं. फोनवर विचारू नकोस, लिहीन.

तुझी,
ताई


ता. १२, शनिवार

शिडे,

आशीर्वाद आहेतच. आज खुशाली वगैरे काही लिहीत नाही. सरळ सांगते. फजिती झाली, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गेल्या रविवारी ओट्यावर काळी फरशी बसली. गुळगुळीत, तोंड दिसेल अशी. ती बाई आली. मुली आधीच सगळीकडे पळून आल्या होत्या, खिडकीखाली कुणी झोपायचं यावरून त्यांची जुंपली होती. आम्ही सगळे स्वयंपाकघराच्या दारात गर्दी करून उभे, बाई आपल्या ओट्यापाशी पहिल्यांदा उभी राहते ती बघायला. ती गेली, उभी राहिली. आणि शिडे, ओटा तिच्या छातीला लागला.

तिने फरशीवर हात ठेवले, खांदे कानांपर्यंत वर गेले. ओट्यावर मांजर चढू बघतं ना, तशी दिसत होती. ती माझ्याहूनही बोटभर बुटकी आहे. हे मला दिसत नव्हतं का? दर रविवारी माझ्या शेजारी घमेली उचलते ती!

मिस्त्री भडकला. "माप कुणाचं आहे हे?" मग त्याला आठवलं कुणी दिलं होतं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं उंच होतोय, पण तुम्ही कापणीच्या बाई, तुमच्यापुढे बोलायचं कुणी?" चष्मेवाले साहेब सारवासारव करायला लागले, होतं असं, चालायचंच. आणि ती बाई हसली आणि म्हणाली, "छान झालाय हो. काही बदलू नका. मी पाट घेईन. पाटावर उभी राहून करीन."

मला काय झालं कोण जाणे. मी ओरडले. "नाही चालणार! पाटावर उभं राहून कुणी आपल्या घरात स्वयंपाक करतं का? दुसऱ्याच्या घरात राहिल्यासारखं वाटतं! पाय घसरतो! मनगट मोडतं!" सगळे माझ्याकडे बघत राहिले. काजेवालीचंसुद्धा तोंड बंद झालं, आता बोल!

तर शिडे, मनगट विटांनी दुखावलं नव्हतं. तू गेल्यापासून मी पाटावर उभी राहून स्वयंपाक करते. आपला ओटा तुझ्या कोपराचा आहे, माझ्या नाही. एका सकाळी भात उतरवताना पाट सरकला आणि मी खाली आले. भात सगळीकडे. बराच वेळ तशीच बसून होते, कारण उठून कुणाला हाक मारायची ते सुचेना. त्या दिवशी तुझा फोन आला होता आणि मी म्हटलं होतं लाइन खराब आहे. लाइन चांगली होती.

आणि ते माप कुणाचं हे मला तिथे, ओट्यापुढे उभं राहिल्यावर कळलं. मी डोळे मिटले ना, तेव्हा बाई कुठली आणि काय! तू उभी होतीस. पदर खोचून, डाव्या हाताने झाकण धरून, उजव्याने ढवळत. मी खालून, विळीपाशी बसून बघायची तशी दिसलीस. मी तुझ्या कोपराखाली चार बोटं रेघ मारली. परक्या बाईच्या घरात मी तुझा ओटा बांधून ठेवला, कापणीच्या बाईंनी! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हे तिथे कुणाला सांगणार? नुसतं म्हटलं, "चूक माझी आहे, मी फोडते." मिस्त्री म्हणाला, बाईमाणसाचं काम नाही. मी म्हटलं, छिन्नी द्या. चौघांनी फरशी उचकटून बाजूला उभी केली, तेवढ्यात तिचा एक कोपरा उडालाच. मग मी हातोडा घेतला. बांधकाम अजून कच्चं होतं, पण तरी सोपं नाही गं. वरचे दोन थर काढेपर्यंत दुपार झाली. काजेवाली मधूनमधून "मावशी, मला द्या" म्हणत होती, मी दिला नाही. घामाच्या नावाखाली मनसोक्त रडून घेतलं. धुरळा फार होता, कुणाला कळलं नसावं. काजेवालीला कळलं. तिने काही न विचारता पाणी आणून दिलं, आणि परत जाताना म्हणाली, "मावशी, घरी तुम्ही एकट्याच असता ना?" मी हो म्हटलं.

मग मी टेप काढली आणि त्या बाईचं माप घेतलं. खरंखुरं, तिला समोर उभं करून. ती गुदगुल्या झाल्यासारखी हसायला लागली. म्हणाली, "माझं माप आजवर कुणी घेतलं नाही. डेपोत एकाच मापाचा कोट देतात, बाह्या दुमडून घालायच्या." तिच्या मुली म्हणाल्या, आमचंही घ्या. घेतलं. ते कशाला लागणार हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता तुझ्या खोलीचं. तुला वाटत असेल ताई रागावली आहे. हो, रागावले होते. लग्न केलंस म्हणून नाही. त्या दिवशी मी हसत होते ते खरं हसत होते. पण तू सामान बांधताना सगळं विचारलंस, हे नेऊ का, ते नेऊ का, ही कढई राहू दे ना तुला. आणि "ताई, तू कशी राहशील?" हे नाही विचारलंस. विचारलं असतंस तरी मी "मला काय धाड भरली आहे?" असंच म्हटलं असतं, हे तुलाही ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नसशील. तरी विचारायला हवं होतंस.

मला तुझी फार आठवण येते, शिडे. रोज येते. रविवारी जास्त येते. बस, लिहिलं.

खोलीचं उत्तर अजून दिलं नाही, कळतंय. एक आठवडा दे. भाच्याला सांग, म्हातारीचं घोडं अडलंय.

तुझी,
ताई


ता. २०, रविवार, दुपार

चि. सौ. शिडीस,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू रडलीस आणि मी तुलाच रागावले, त्याबद्दल राग मानू नकोस. मला समोरच्याचं रडणं ऐकवत नाही, आणि तू रडायला लागलीस की माझ्यातली थोरली बहीण जागी होते. तू म्हणालीस, "उद्याच्या उद्या येते, तुला घेऊन जाते." आली नाहीस ते बरं केलंस. तू आली असतीस तर मी मुकाट्याने पिशवी भरली असती.

घर झालं. गेल्या रविवारी त्यांना किल्ली दिली. चष्मेवाले साहेब भाषण करणार होते, त्यांनी कागद आणला होता, पण धाकटी मुलगी मध्येच म्हणाली, "आता आत जाऊ का?" आणि सगळे आत गेले. भाषण खिशातच राहिलं. आम्ही प्रत्येकाने काहीतरी नेलं होतं. मी दोघींना झगे शिवून नेले, माप होतंच. शिवणीला भरपूर सोडलंय, दोन वर्षं उसवून मोठे करता येतील.

बाईने चहा केला. ओट्यापाशी उभी राहिली तेव्हा तिचे खांदे खाली होते. फरशीचा उडालेला कोपरा मिस्त्रीने भिंतीकडे करून बसवला आहे, सांगितल्याशिवाय दिसत नाही. मला तेवढा दिसतो. चहा पिऊन सगळे आपापल्या वाटेला लागले आणि मी कोपऱ्यावर जरा रेंगाळले. पुढचं घर केव्हा मिळेल ते संस्थेने अजून कळवलेलं नाही. तोवर रविवार परत आहे तसा आहे. आज सकाळी उठले तर अंगाला सवय झालेली, डबा भरायला घेतला. मग आठवलं. मग तसाच भरला आणि खिडकीशी बसून डब्यातच जेवले. हसू नकोस.

आता उत्तर. मागची खोली भाच्याला द्या.

ऐक, लगेच फोन उचलू नकोस, पुढे वाच. तुम्ही दोघं मला फुलासारखं ठेवाल, याची मला खात्री आहे. घड्याळवाले देवमाणूस आहेत. पण शिडे, तुझा तिकडचा ओटा तुझ्या कोपराचा आहे, आणि तो तसाच असायला हवा. ते घर तुझं आहे. तिथे मी आले तर परत पाटावरच उभी राहणार. चार दिवस पाहुणी म्हणून येईन, पाटावर काय, शिडीवर उभी राहीन. जन्माचं नको. ती बाई "मी पाट घेईन" म्हणाली तेव्हा मी इतकी का ओरडले, याचा गेले दोन आठवडे विचार करतेय. मी तिच्यावर ओरडले नव्हते.

एकटं राहणं मला आवडतं असं मी लिहिणार नाही. नाही आवडत. संध्याकाळी कुलूप काढताना अजून आधी बेल वाजवते. पण घर हे आहे.

परवा मिस्त्रीला बोलावलं होतं. आल्या आल्या त्याने आपला ओटा बघितला, माझ्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, आणि त्याची ट्यूब पेटली. नेहमी इतकं बोलतो, पण नुसतं म्हणाला, "बाई, किती खाली घेऊ?" मी म्हटलं, "घ्या माप." आणि हात कोपरात दुमडून उभी राहिले. इतक्या वर्षांत माझं माप घ्यायला कुणी समोर नव्हतं, घ्यायची ती मीच. त्याने चार बोटं लावली, रेघ मारली. मी म्हटलं, शिवणीला सोडू नका. तो हसला.

फोडायला मी गेले नाही या वेळी. बाहेर गॅलरीत उभी राहिले आणि कानांवर हात ठेवले. संध्याकाळपर्यंत झालं. पाट धुऊन, पुसून माळ्यावर टाकला आहे.

तर तुझा ओटा इथे आता नाही, हे आधीच सांगते. येशील आणि दारातच थबकशील, त्यापेक्षा कळलेलं बरं. तुला आता या ओट्यापाशी कमरेत वाकावं लागेल आणि ते मला बघवणार नाही. म्हणून तू आलीस की तू खाली माझ्या जागेवर बसायचं, विळीपाशी, आणि भाजी चिरता चिरता सगळं सांगायचं. वर मी उभी राहीन. भात मी करीन, दोघींपुरता. ते माप अजून माझ्या हातात आहे.

केव्हा येतेस?

माझ्या घरातून,
तुझी ताई